अधिक पंधरा

११ जुलै २०२५, शुक्रवार. सकाळी नोएडा सेक्टर ६२च्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडले, तर रस्त्याकडेला कावडियांसाठी मांडव पडत होते. एका मांडवात लाऊडस्पीकर तपासून घेणं चाललं होतं, दुसऱ्यात टेम्पोतून कढया उतरत होत्या. ऑफिसात पोचले तेव्हा हिंदी डेस्कवरचा माझा शेजारी, मूळचा पाटण्याचा, माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "मैडम, सावन लग गया. आपका पन्ना ख़ाली कैसे?"

पान रिकामं नव्हतं. त्या आठवड्याच्या रकान्यात मी लिहून ठेवलं होतं : 'आखाड विशेष – तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण'. त्यानं ते एकेक अक्षर लावत वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाभाऱ्यात चपला घालून शिरलेय. त्याच्या घरी त्या सकाळपासून कांदा-लसूण बंद होता. माझ्या वाचकाच्या घरी, कोल्हापुरात म्हणा की साताऱ्यात, मटणाच्या दुकानापुढे अजून दोन आठवडे रांगा लागायच्या होत्या.

दोघंही बरोबर होतो. महाराष्ट्रात, गुजरातेत आणि खाली आंध्र-कर्नाटकात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, भांडण काय ते वद्य पक्षाचं. आपला आषाढ वद्य तोच त्यांचा श्रावण कृष्ण. त्यामुळे गुरुपौर्णिमा उलटली की दुसऱ्या दिवशी त्यांचा सावन लागतो. आपल्याला दिव्यांच्या अवसेपर्यंत थांबावं लागतं. २०२५ साली तिकडचा सावन ११ जुलै ते ९ ऑगस्ट आणि आपला श्रावण २५ जुलै ते २३ ऑगस्ट. सोमवार त्यांचे चार, आपलेही चार, पण २८ जुलै आणि ४ ऑगस्ट हे दोनच काय ते सामाईक. ज्या कावड यात्रेसाठी दिल्ली-मेरठ पट्ट्यातली वाहतूक वळवली जाते, ती २३ जुलैला सावन शिवरात्रीला संपली. म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे अख्खी यात्रा आषाढातच झाली! हे शेजाऱ्याला सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मतलब महादेव को पता है?"

मी मराठी मजकुराचं कॅलेंडर भरते. ऑफिसात त्याला नुसतं 'शीट' म्हणतात. पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या दिवशी काय जाणार, कोण लिहिणार, कच्चा मजकूर कधी हातात हवा, फोटो कुठून यायचा, लाईव्ह कधी करायचं आणि नंतर त्याला हात कधी लावायचा, असं सगळं त्या एका तक्त्यात असतं. त्यात एक रकाना 'वाचक काय टाइप करील' असा आहे आणि माझ्या मते सगळी अक्कल तिथंच लागते. साताऱ्याची बाई 'श्रावणी सोमवार व्रत' असं देवनागरीत लिहील की रोमन अक्षरांत? 'शिवामूठ कोणती' असं विचारील की 'पहिल्या सोमवारी काय वाहावे'? गुगल ट्रेंड्सवर जाऊन महाराष्ट्र निवडलं, की आलेख दिसतो. तो शून्य ते शंभर असतो आणि त्यात माणसांचा आकडा नसतो, नुसता चढउतार असतो. नवशिके तो आकडा समजून बैठकीत सांगतात आणि साहेब लोक तो वहीत उतरवून घेतात.

पहिल्या वर्षी माझीच चूक झाली होती. २०२४चा सावन २२ जुलैला लागला आणि तो दिवस नेमका सोमवार होता. वरून आलेल्या शीटमध्ये 'सावन का पहला सोमवार' अशी ओळ होती, पाचही भाषांसाठी. मी नवीन होते, कंपनी नवीन होती, ओळ मराठी करून टाकली. 'आज पहिला श्रावणी सोमवार, अशी करा पूजा' असं शीर्षक देऊन सकाळी सहाला लाईव्ह. साडेसहाला आईचा मिरजेहून फोन. "अगं, तुमच्याकडे श्रावण कसा लागला? अजून गटारी व्हायचीय." आपल्याकडचा श्रावण त्या वर्षी ५ ऑगस्टला लागायचा होता. दिवसभरात वाचकांच्या ज्या मेल आल्या, त्यांतल्या एका सांगलीच्या गृहस्थांची अजून जपून ठेवलीय. त्यांनी रागावून काही लिहिलं नव्हतं, शांतपणे विचारलं होतं, की आपल्या कचेरीत भिंतीवर दिनदर्शिका नाही का?

नव्हती. साडेतीनशे माणसांच्या त्या मजल्यावर भिंतीवर टीव्ही होते, ट्रॅफिकचे जिवंत आकडे दाखवणारे पडदे होते, पण कागदाची दिनदर्शिका एकही नव्हती.

नोएडाला मी दोष देत नाही. कचेरीच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेलं हे गाव आहे. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी, स्थापना १७ एप्रिल १९७६, ऐन आणीबाणीत. पेठा नाहीत, आळ्या नाहीत. सेक्टर आहेत आणि तेही सलग नाहीत. सेक्टर १६-अमधल्या फिल्म सिटीत सिनेमापेक्षा वृत्तवाहिन्यांची गर्दी. सेक्टर ५९ ते ६३च्या पट्ट्यात वर्तमानपत्रांच्या, संकेतस्थळांच्या कचेऱ्या. पुणे-मुंबईत बसून मराठी लिहिणाऱ्या कितीतरी जणांच्या दिवसाचा आराखडा या पट्ट्यात ठरतो हे वाचकाच्या गावीही नसतं. आणि का असावं? या गावाला स्वतःचा सण म्हणाल तर दसऱ्याला ग्रेटर नोएडाचं बिसरख आठवतं. रावणाचा जन्म तिथला अशी समजूत आहे, म्हणून परंपरेनं तिथं रावण जाळत नाहीत. हिंदी डेस्कच्या शीटमध्ये दसऱ्यापुढे ती बातमी कायमची चिकटवलेली आहे; फक्त फोटो बदलतात.

त्या फजितीनंतर आमच्या टीममधल्या एका हुशार पोरानं इलाज काढला. इंजिनिअर होता, रायबरेलीचा. शीटमध्ये त्यानं मराठीसाठी वेगळा रकाना घातला आणि त्यात सूत्र भरलं : उत्तरेची तारीख अधिक पंधरा. वटसावित्री घ्या. तिकडे ती ज्येष्ठातल्या अमावास्येला करतात, आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला. २०२४ला ६ जून आणि २१ जून. २०२५ला २६ मे आणि १० जून. दोन्ही वर्षी बरोबर पंधरा. त्यानं मला ते असं दाखवलं, जसं पोरगं आईला प्रगतिपुस्तक दाखवतं.

मग एके दिवशी पाहते तर गोकुळाष्टमी ऑगस्टच्या अखेरीला जाऊन पडलेली. कारण हिंदी शीटमध्ये तिच्यापुढे 'भाद्रपद कृष्ण अष्टमी' लिहिलेलं, आणि आपल्याकडे ती श्रावण वद्य अष्टमी. महिन्याचं नाव वेगळं, म्हणून सूत्रानं पंधरा दिवस ढकलून दिलं. तिथी तीच, रात्र तीच, चंद्र तोच. नाव तेवढं वेगळं. जे सण तिथीला बांधलेले, ते जागचे हलत नाहीत. जी व्रतं महिन्याला बांधलेली, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, ती हलतात. यंदा, म्हणजे २०२५ला, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आपल्याकडे २७ नोव्हेंबरला आहे. उत्तरेच्या महिन्यानं मोजलं तर तो ६ नोव्हेंबरलाच येतो. महालक्ष्मीचे घट मांडून बसलेल्या बायकांना तीन आठवडे आधी 'आज पहिला गुरुवार' असं सांगून पाहा.

पोराला मी सांगितलं, सूत्र काढून टाक. तो म्हणाला, अपवादांची यादी जोडतो. ती यादी आता सूत्रापेक्षा लांब झालीय.

वास्तविक हे काम मराठी माणसाला नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं. शाईत चरबी असेल या शंकेनं लोक छापील पंचांगाला शिवेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली. मजकूर अचूक असून भागत नाही, तो घरात शिरायला हवा, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. सोलापूरचं दाते पंचांग शंभरीपार गेलं. आणि १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं. माझ्या धंद्याच्या नजरेनं त्यातली युक्ती पुढच्या बाजूला नाही, पाठीमागे आहे. पुढे तिथी, वार, सण. पाठीमागे त्या महिन्याच्या पाककृती, आरोग्यावरचा लेख, भविष्य. हे सगळं वाचक ते पान उलटायच्या कितीतरी महिने आधी लिहून, छापून, बांधून तयार असतं. आणि मधल्या चौकटीत वाचक स्वतःची शीट भरतो : दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, बाई आली नाही त्या दिवशी फुली. आमच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये वाचकाला लिहायला जागा नाही.

दिवाळी अंकाचंही तेच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरून. कल्पना परक्याची, पण त्यांनी तिला 'अधिक' अमुक दिवस असं सूत्र लावलं नाही. नाताळ उचलून दिवाळीवर ठेवला नाही. आपल्या माणसाच्या हातात सवड कधी असते, फराळाच्या ताटाशेजारी काय चालेल हे पाहून नवी तारीख धरली. आणि तेव्हापासून या अंकांचं वर्ष ठरून गेलंय. उन्हाळ्यात लेखकांना पत्रं, पावसाळ्यात जाहिरातींसाठी फिरणं, गणपतीत प्रुफं. प्रस्तुत लेखाचं बोलावणं मला जूनमध्ये आलं. संपादकांनी शेवटची तारीख १५ ऑगस्ट दिली होती आणि ती खरी नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

शीट भरायची ती उलटी. सणाच्या दिवसापासून मागे मोजत यायचं. पण किती मागे? इथं बरेच जण चुकतात. गणेशचतुर्थी यंदा २७ ऑगस्टला होती, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून मोदक सुरू करायचे, असं नोएडात बसून वाटतं. कोकणातल्या चाकरमान्याचा गणपती मात्र रेल्वेचं आरक्षण उघडतं त्या सकाळी सुरू होतो. पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवसांवर आलं. म्हणजे आमचं गणपतीचं पहिलं पान मेमधून जूनच्या अखेरच्या आठवड्यात सरकलं. ते पंचांगामुळे नाही, रेल्वे बोर्डामुळे. मोदकाच्या कळ्या कशा पाडाव्यात हे शेवटच्या चार दिवसांत विचारतात. सजावट दोन आठवडे आधी. विसर्जनाचे मार्ग त्याच सकाळी. एका सणाच्या अशा सहा-सात तारखा असतात आणि त्यातली एकच कॅलेंडरवर लाल असते.

दुसरी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. पानाच्या पत्त्यात साल घालायचं नाही. 'आषाढी एकादशी २०२५' असा पत्ता केला, की पुढच्या वर्षी नवं पान, पुन्हा शून्यापासून. एकच पान ठेवायचं, दरवर्षी आतला मजकूर बदलायचा. दरवर्षी येणाऱ्या घटनांसाठी गुगलचा सल्लाही हाच आहे. आमच्याकडे एकाच एकादशीची चार पानं सापडली होती. चौघी एकमेकींशी भांडत होत्या आणि वाचक पाचव्याच दुकानात जात होता.

आणि जे ठरवता येत नाही त्याचं काय? बारावीचा निकाल २०२४ला २१ मे रोजी लागला, २०२५ला ५ मे रोजी. दहावीचा २७ मे आणि मग १३ मे. मंडळ आदल्या दिवशी सांगतं. तेव्हा शीटमध्ये तारखेच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि पानं मात्र तयार : निकाल कुठे पाहायचा, गुणपडताळणी कशी, पुरवणी परीक्षेचा अर्ज. वयोवृद्ध कलावंतांचे मृत्युलेखही असेच लिहून ठेवलेले असतात, ते मी इथे लांबवत नाही. सकाळी त्या फोल्डरवरून नजर गेली की दिवस नीट जात नाही. माझ्या शीटमध्ये आठवड्याचे एकवीस खण असतात, त्यातले सात मी मोकळे ठेवते. यावरून माझी दर तिमाहीला साहेबांशी हुज्जत होते. त्यांना रिकामा खण म्हणजे कामचुकारपणा वाटतो.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ते कुठल्या खणात लिहून ठेवलं होतं? मोकळ्या सातांपैकी तीन त्या संध्याकाळी कामी आले. २०२५च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन दिल्लीत भरलं, २१ ते २३, तालकटोरा स्टेडियममध्ये, अध्यक्ष तारा भवाळकर. त्या तीन दिवसांत प्रथमच माझ्या वाचकाचा आणि माझा रस्ता एक झाला. मेट्रोतून उतरलं की मराठी ऐकू येत होतं.

या सगळ्यात दिवाळीनं तर पंचांगकर्त्यांनाही सोडलेलं नाही. गेल्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. केंद्राची सुट्टी ३१ला, आपल्याकडे लक्ष्मीपूजन १ला. यंदाही तोच घोळ. अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागतेय, २१च्या संध्याकाळी संपतेय. नोएडातली दिवाळी २०ला, महाराष्ट्राचं लक्ष्मीपूजन २१ला, पाडवा २२ला, भाऊबीज २३ला. २०च्या पहाटे आपल्याकडे नरकचतुर्दशी, अभ्यंगस्नान; त्याच रात्री इथे फटाक्यांचा धूर. २१ला इथे ऑफिसात शुकशुकाट असेल आणि माझ्या पानावर सर्वांत जास्त गर्दी. सुट्टीच्या दिवशी कामावर कोण, हा प्रश्न मी ऑगस्टमध्येच टाकून ठेवलाय. उत्तर मला ठाऊक आहे.

ऑफिसाबाहेर हे कसं चालतं ते पाहायला मी सेक्टर सत्तरच्या पलीकडच्या उंच इमारतींत राहणाऱ्या एका काकूंकडे गेले. मूळच्या साताऱ्याच्या, वीस वर्षं इकडे. घरून फराळाचे जिन्नस विकतात, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टाग्रामवर. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली : डावीकडे दर डिसेंबरला भाऊ पाठवतो ते कालनिर्णय, उजवीकडे बनारसचं ठाकुर प्रसाद. त्या दोन्हींच्या मध्ये फ्रिजवर चुंबकानं लावलेला एक कागद. कागदावर तिसरं कॅलेंडर, त्यांचं स्वतःचं.

तो कागद वाचून मी गप्प बसले. आमच्या टीमला दोन वर्षांत जे जमलं नाही ते त्यांनी पेन्सिलीनं केलं होतं.

करंजी आपण दिवाळीत करतो. उत्तर प्रदेशात तीच वस्तू, गुजिया म्हणून, होळीला करतात. काकूंच्या कागदावर करंजी दोनदा आहे. मार्चमध्ये खव्याचं सारण, दिवाळीत सुक्या खोबऱ्याचं. रील दोन, कारण मुरड तीच असली तरी बोलायची भाषा आणि कढईमागचं गाणं वेगळं. गुढीपाडव्याला चैत्री नवरात्र बसतं. म्हणजे मराठी घरात पुरणपोळी आणि श्रीखंड, त्याच दिवशी शेजारच्या घरात नऊ दिवसांचा उपास. काकू पाडव्याला श्रीखंड दोन नावांनी विकतात. मराठी ग्राहकांच्या ग्रुपवर 'पाडव्याचं श्रीखंड', सोसायटीच्या ग्रुपवर 'व्रत स्पेशल'. पातेलं एकच. भगरीचंही तेच, इकडे तिला समा के चावल म्हणतात. "मी भगर म्हणून टाकली तेव्हा एकानं घेतली नाही," त्या म्हणाल्या. "समा लिहिलं, अर्ध्या तासात संपली."

त्यांच्या दिवाळीची मोजणी अशी. दसरा यंदा २ ऑक्टोबरला, दिवाळी २०ला. मध्ये अठरा दिवस. भाजणी भाजायची नवरात्रात, कारण तेव्हा सोसायटीत उपास असतात आणि कुणी ऑर्डर देत नाही. चकलीचा पहिला फोटो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आधी नाही; आधी टाकला तर लोक हृदयाचं चिन्ह टाकतात आणि विसरून जातात. १० ऑक्टोबरला करवा चौथ, त्या दिवशी काहीच टाकायचं नाही, कारण सगळा ग्रुप चाळणीतल्या चंद्रानं भरलेला असतो. बाहेरगावची पार्सलं वसुबारसेपर्यंत रवाना. त्यानंतर फक्त नोएडा-गाझियाबाद, स्वतःच्या मुलाच्या स्कूटरवर. आणि भाऊबीज झाली की मोबाईल बंद करून दोन दिवस झोप. तेही कागदावर लिहिलेलं होतं, चौकट करून.

मी त्यांना विचारलं, हे सगळं कुठे शिकलात? आमच्याकडे यावर कार्यशाळा होतात म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, पहिल्या वर्षी दोनशे करंज्या उरल्या. मग काय करणार?"

त्यांच्या कागदानं आमच्या शीटमधला आणखी एक दोष मला दाखवला, जो तारखेचा नाही. आमच्या शीटमधला मराठी वाचक सतत उपाशी असतो. चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार, प्रदोष. शीट वाचणाऱ्याला वाटेल महाराष्ट्रात अकरा कोटींहून जास्त माणसं आलटून पालटून साबुदाण्यावर आहेत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृग लागतं, पंचांगात त्याचं वाहन पाहिलं जातं, बेडूक की हत्ती की मोर, आणि पाऊस कसा होईल याच्या गप्पा सुरू होतात. त्याची ओळ नव्हती. ई-पीक पाहणीची ओळ नव्हती. २०२५च्या खरिपापासून राज्यातला एक रुपयाचा पीक विमा बंद झाला. शेतकऱ्याला हप्ता किती, शेवटची तारीख कोणती, हे जुलैभर हवं होतं. तेव्हा आम्ही शिवामूठ सांगत होतो, तीही आदल्या वर्षी चुकीच्या सोमवारी. पोळ्याची ओळ होती, पण एकच, श्रावण अमावास्येची. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे बैलांचा सण बेंदूर आहे, आणि तो आधीच होऊन गेलेला असतो. माझं स्वतःचं माहेर मिरजेचं, आणि बेंदूर मीच विसरले होते. दिल्लीच्या पट्ट्यात राहून माणूस हळूहळू सरासरीचा मराठी होत जातो.

शिवजयंती १९ फेब्रुवारीला आणि पुन्हा फाल्गुन वद्य तृतीयेला. राज्याभिषेक ६ जूनला आणि पुन्हा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. या दोन ओळी दोनदा का, हे मला दर वर्षी नव्या साहेबांना समजावून सांगावं लागतं. ते म्हणतात, एक काढा. मी काढत नाही.

शीट कोण भरतं यावरही शीटमध्ये काय येतं हे ठरतं. आमच्या मजल्यावर निम्मी माणसं बिहारची आणि पूर्वांचलची. दिवाळी झाली की ती छठसाठी गावी जातात; यंदा छठ २५ ते २८ ऑक्टोबर. त्या आठवड्यात प्रूफ तपासणारा नाही, फोटो लावणारा नाही, सर्व्हर बघणारा एकटा. नेमक्या त्याच आठवड्यात पंढरपूरची कार्तिकी तोंडावर आलेली असते. म्हणून कार्तिकीचं आणि तुळशीच्या लग्नाचं सगळं काम दिवाळीच्या आधीच उरकून शेड्यूल लावून ठेवायचं. पाटण्याच्या शेजाऱ्याशी माझा करार आहे : छठच्या आठवड्यात त्याची पानं मी बघते, गणपतीत माझी तो. यंदा गणपतीत त्यानं 'उकडीचे मोदक' या पानाला करंजीचा फोटो लावला. मी त्याच्या छठच्या ठेकुआला काय लावीन कोण जाणे.

परवा पुढच्या वर्षाची शीट उघडली. रायबरेलीच्या पोरानं अधिक पंधराचा रकाना कुठेतरी जपून ठेवला होता, तो पुन्हा जोडला आणि म्हणाला, निदान वटपौर्णिमा तरी ठेवू द्या, ती दोन वर्षं बरोबर आलीय. २०२६ची उत्तरेची वटसावित्री १६ मेला. अधिक पंधरा, ३१ मे. त्यानं ३१ मेला पौर्णिमा आहे हेही तपासलं होतं. आहे. हिरव्या रंगात टिकमार्क केलेला.

पुढचं कालनिर्णय अजून हातात नाही म्हणून मी आईला फोन लावला. तिच्याकडे पंचांग असतं. चष्मा शोधायला थोडा वेळ गेला. मग पानं चाळल्याचा आवाज, आणि मग, "अगं, ती अधिकातली पौर्णिमा. पुढल्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. वड निजातल्या पौर्णिमेला पुजायचा. २९ जून." स्पीकरवर होती, पोरानं ऐकलं, मराठी न कळता तारखा कळल्या. त्यानं बोटं मोजली. पंधरा नव्हे, चव्वेचाळीस.

"हर साल ऐसा होता है?" त्यानं विचारलं.

आईला हिंदी येतं, सांगलीच्या बाजारात जेवढं लागतं तेवढं. ती म्हणाली, "नहीं बेटा, बत्तीस-तैंतीस महीने में एक बार. लिख के रखो."

त्यानं लिहून घेतलं. मग वटपौर्णिमेच्या खणातलं सूत्र पुसलं आणि तिथं हातानं २९ जून टाइप केलं.